नेढं

वखार मोडली तेव्हा लोखंड किलोवर गेलं.
भंगाराच्या टेम्पोतून मी चार कुऱ्हाडींची डोकी उतरवून घेतली,
आणि दोन माणसांची एक करवत,
मधोमध वाकलेली, रुसल्यासारखी.
टेम्पोवाला म्हणाला, ताई, तुमच्याकडे गॅस नाही?

पूर्णगडच्या खाडीवरचं लोखंड
दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं.
बादलीत बिंबलं चेचली,
वर कोकमाचं जुनं आगळ ओतलं, जे आता कोणी पिणार नव्हतं,
आणि डोकी तीन दिवस बुडवून ठेवली.
शेजारची वहिदा विचारून गेली, कसलं लोणचं?
चौथ्या दिवशी पाणी काळं,
आणि एका डोक्यावर, गालाशी,
तीन टिंबं आणि माशाचं शेपूट.
कुठल्या लोहाराची ही सही, सांगणारं कोणी उरलं नाही.
मी जुना टूथब्रश फिरवत राहिले,
शेपटाच्या पुढे मासा निघेल म्हणून.
निघाला नाही.

नेढ्यात मोडका दांडा अडकलेला.
भाऊ फोनवरून म्हणाला, चुलीत घाल, जळून जाईल.
दाऊद सोलकर पडवीतून ओरडले,
"जाळू नको गो! पोलादाचं पाणी उतरेल.
मग ती कुऱ्हाड नाय, पाटावरचा वरवंटा."
मग गिरमिटानं भोकं पाडली.
भुसा निघाला, एक खिळा,
सायकलच्या चाकाची तार,
करवंटीची चीप, पत्र्याची पट्टी,
सगळं बाबांनी ठोकलेलं, दांडा हलतो म्हणून,
दर वर्षी थोडं थोडं.
गप्प माणूस होता.
इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

दांडा धामणीचा हवा,
सरळ रेषेचा. आडवी शीर आली तर पहिल्याच घावाला जातो.
शोधायला डोंगरावर गेले
तर डोंगरभर हापूस, ओळीत, खोडांवर नंबर.
ज्या कुऱ्हाडींनी तो उघडा केला
त्यातली एक माझ्या पिशवीत होती.
मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.
दांड्याची आणि गोताची ती म्हण
तिथे उच्चारायचा धीर झाला नाही.
शेवटी गडग्यापलीकडे एक सापडली,
कोणीतरी कधीतरी तोडलेली,
बुंध्यातून पुन्हा फुटून मनगटाएवढी झालेली.

सावलीत वाळवली, एक पावसाळा आणि अर्धी थंडी.
तासली. फुटक्या बरणीच्या काचेनं खरवडली.
उंडीचं तेल, कापडानं, तीनदा.
जुन्या दांड्याचा तुकडा नमुन्याला समोर होता.
त्यावर अंगठ्याचा खळगा, चुकीच्या बाजूला.
मी उजव्या हातात धरला. बसेना.
बाबा उजव्या हातानं जेवत,
उजव्या हातानं हजेरीवर सही करत.
दाऊदभाईंना विचारलं.
"डावराच होता तो. रानात कोण बघतंय?
म्हणून तर त्याच्यासमोर कोणी टिकेना. मी टिकलो."
नव्या दांड्यावर मी खळगा पाडला नाही.
तो काचेनं होत नाही.

राहिली करवत.
पातं ठोकून सरळ केलं, दाते एकाआड एक फाकवले,
दोन्ही टोकांना शिवणीच्या मुठी.
दाऊदभाईंचे हात कापतात, चहा बशीतून सांडतो.
तरी वाऱ्यानं पडलेल्या सुरूच्या ओंडक्याशी
लुंगी खोचून बसले.
"ढकलायचं नाय. ओढायचं, आणि सोडायचं.
ढकललंस की पातं वाकतं.
तुझ्या बापाला हे सांगायला मला दोन वर्षं लागली."
ओढलं. सोडलं.
ओढताना त्यांचे हात कापत नव्हते.
अर्ध्यावर ते थांबले, दम घ्यायला.
पातं ओंडक्यात तसंच उभं,
पायांवर ओला भुसा,
आणि भरती चढत होती.
"उद्या," ते म्हणाले, "मी डावीकडे बसतो."